क्लाडा अंगठी, केल्टिक गाठ आणि बाकीच्या खुणा: दागिना घेण्याआधी अर्थ कसा तपासायचा

मागच्या डिसेंबरात माझी मामेबहीण डब्लिनहून सुट्टीत नागपूरला आली आणि धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी एक आयरिश क्लाडा अंगठी घेऊन आली, दोन हातांनी धरलेला बदाम आणि बदामावर मुकुट. हॉलमध्ये अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि ही माझ्या कानाशी येऊन म्हणते, "ताई, उलटी घातली ना त्यानं, हा तर लग्न झालेलीचा अर्थ झाला." मामीनं ते ऐकलं आणि लगेच तिचा चेहरा पडला, अपशकुन तर नाही ना म्हणून. अपशकुन वगैरे काही नसतो, अंगठी काढून फिरवून घातली की झालं, पण त्या संध्याकाळी जेवताना मला चारपाच जणींनी विचारलं की या बाहेरच्या डिझाइनचा अर्थ नेमका कुठून कळतो. आता धरमपेठेत, सदरला, ऑनलाइन सगळीकडे हे केल्टिक पेंडंट दिसून राहिले आहेत, लोक गिफ्ट देऊन राहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला या खुणांचं खूप वर्षांपासून वेड आहे, मी स्वतः इतवारीत दोनतीन चांदीचे नग करून घेतलेत, त्यात एकदा फसलेही, तेही सांगते.

आधी उच्चार. केल्टिक म्हणायचं, क ने. ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बोस्टनची बास्केटबॉल टीम तेवढी स ने म्हणतात, तिथे तसंच रूढ झालंय. आणि केल्टिक म्हणजे कुठला एक देश नाही, एक धर्म नाही. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातली ब्रेतॉन, या सगळ्या केल्टिक भाषा, आणि त्या बोलणाऱ्या लोकांच्या पूर्वजांची कला ती केल्टिक कला असं ढोबळ मानायचं.

आता मुख्य गोष्ट. कुठलाही असा दागिना हातात आला आणि सोबतच्या कार्डावर "प्राचीन केल्टिक चिन्ह, अर्थ अमुक तमुक" असं लिहिलेलं असलं की स्वतःला एकच विचारायचं, हा अर्थ कोणी दिला आणि कधी. खूण जुनी असते आणि अर्थ नवा असतो, हे या दागिन्यांत फार वेळा होतं. कधी मूळ कोरीवकाम पाच हजार वर्षांपूर्वीचं, मधे चर्चनं त्याला एक अर्थ जोडला, आणि गेल्या पन्नास-शंभर वर्षांत दुकानदारांनी तिसराच. तिन्ही अर्थ वापरायला हरकत नाही, पण कुठला कोणाचा ते माहीत पाहिजे, नाहीतर आपण कोणाला तरी मोठ्या प्रेमानं चुकीची गोष्ट सांगून देतो.

क्लाडा अंगठीचं त्या मानानं सोपं आहे कारण तिचा अर्थ अंगठीतच दिसतो. हात म्हणजे मैत्री, बदाम म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. क्लाडा हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे शहराला लागून असलेलं कोळ्यांचं गाव, त्यावरून नाव. कथा अशी सांगतात की गॉलवेचा रिचर्ड जॉइस 1675 च्या सुमारास जहाजानं वेस्ट इंडीजकडे निघाला असताना चाच्यांनी पकडला, अल्जियर्समध्ये एका सोनाराला गुलाम म्हणून विकला, तिथे तो सोनारकाम शिकला, आणि 1689 मध्ये तिसरा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आल्यावर सुटका होऊन परत आला. कथा किती खरी ते बाजूला ठेवा, पण त्याच्या नावाची अक्षरं असलेल्या 1700 च्या आसपासच्या क्लाडा अंगठ्या खरंच आहेत. दोन हात एकमेकांत धरलेल्या अंगठ्या मात्र त्याहून कितीतरी जुन्या, रोमन काळापासून युरोपात चालत आलेल्या, त्यांना फेडे अंगठी म्हणतात, म्हणजे वचनाची अंगठी. क्लाडा त्याच घराण्यातली.

घालायची कशी, हे नीट वाचा कारण गोंधळ इथेच होतो. बदामाचं टोक कुठे आहे ते बघायचं, मुकुटाकडे बघायचं नाही. उजव्या हातात, टोक बोटाच्या शेंड्याकडे, म्हणजे मन मोकळं आहे, अजून कोणी नाही. उजव्या हातात, टोक मनगटाकडे, म्हणजे कोणीतरी आहे. डाव्या हातात टोक शेंड्याकडे म्हणजे साखरपुडा झाला, आणि डाव्या हातात टोक मनगटाकडे म्हणजे लग्न झालं. आमच्याकडे नवरदेवानं डाव्या हातात टोक मनगटाकडे करून घातली होती, म्हणून बहीण तसं म्हणाली. ही लोकांमध्ये रुळलेली चाल आहे, कुठल्या शास्त्रात लिहिलेली नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांना साखरपुड्याची अंगठी उजव्याच हातात हवी असेल तर तिथे घाला, टोक तेवढं ठरवून घ्या. आणि ती कोणी आयर्लंडमधून आणली असेल तर हे पण लक्षात ठेवा की तिथे पुष्कळ घरांत ती आईकडून मुलीकडे जाते, आपल्या पाटल्या-बांगड्या जातात तशी, त्यामुळे देणाऱ्याच्या मनात तिची किंमत वजनावर नसते. माप लहान-मोठं करायचं असेल तर सोनाराला स्पष्ट सांगायचं की कापायचं ते खालच्या बाजूनं, तळहाताकडून. नक्षीतले हात बाजूच्या कडीत उतरत गेलेले असतात, तिथे कापलं की त्या हातांच्या मनगटाचा आकार बिघडतो आणि झाळ दिसते.

स्कॉटलंडची एक वस्तू अशीच आहे, तिच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं, लकनबूथ ब्रोच. एक किंवा दोन बदाम, वर बहुतेक मुकुट, पदराला लावतो तशी पिन. एडिनबरात सेंट जाइल्स चर्चच्या शेजारी कुलूप लावता येतील अशा छोट्या दुकानांची ओळ होती, त्या दुकानांवरून हे नाव, म्हणजे अगदी आपली सराफा ओळच म्हणा ना. हे ब्रोच प्रेमात द्यायचे, लग्न ठरल्यावर द्यायचे, आणि मग बाळ झालं की तेच बाळाच्या शालीला लावायचे, दृष्ट लागू नये म्हणून. आपण काजळाची तीट लावतो, ते पिन लावायचे. मला तर सगळ्या केल्टिक दागिन्यांत हे सगळ्यात आवडतं.

आता गाठी. केल्टिक गाठ म्हणजे सुरुवात नाही शेवट नाही अशी एकमेकांत गुंफलेली पट्टी, आणि कार्डावर हमखास लिहिलेलं असतं, अनंत प्रेम, अनंत आयुष्य. खरं सांगू तर जुन्या काळात अमुक गाठीचा अर्थ अमुक असं कोणी लिहून ठेवलेलं नाही. या गुंफणीचं सगळ्यात सुंदर काम ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांत आहे, इसवी सन 800 च्या आसपासचं बुक ऑफ केल्स, जे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलंय, आणि त्याच्याही आधीचं लिंडिस्फार्न गॉस्पेल्स, जे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यांच्याआधीच्या केल्टिक कलेत अशा गाठी फारशा नाहीत, तिथे वेटोळी आणि वेलीसारख्या वळणदार रेषा आहेत. गुंफण रोमन, जर्मानिक, पूर्वेकडची अशी कुठून कुठून येऊन तिथल्या मठांत फुलली. म्हणून "लव्हर्स नॉट", "सिस्टर्स नॉट", "शील्ड नॉट" या नावांनी जे अर्थ मिळतात ते बहुतेक नवे. बहिणीला बहिणीची गाठ द्यायची असेल तर खुशाल द्या, भावना खरीच आहे, फक्त "दोन हजार वर्षांपूर्वी केल्टिक बहिणी हेच घालायच्या" असं लिहू नका.

माझी आजी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची, शंख, चक्र, गोपद्म, सूर्य-चंद्र, आणि विचारलं की एकेका खुणेचं सांगायची. त्यामुळे मला आधी वाटायचं की या गाठींचंही असंच असणार, कोणीतरी आयरिश आजी प्रत्येकीचा अर्थ सांगत असणार. तसं नाहीये. गाठीत अर्थापेक्षा हाताची कारागिरी जास्त आहे, आणि ती बघायला शिकलं की दागिना चांगला की वाईट ते आपोआप कळायला लागतं.

कशी बघायची ते सांगते. एक टाचणी घ्या, दागिना उजेडात धरा आणि पट्टीवर टाचणी ठेवून सावकाश पुढे सरकवत जा. पहिल्या क्रॉसिंगला तुमची पट्टी वरून गेली तर पुढच्याला ती खालून गेली पाहिजे, मग परत वरून, परत खालून, जिथून निघालात तिथे पोचेपर्यंत. सलग दोनदा वरून गेली म्हणजे गाठ चुकली, कोणीतरी फोटोवरून अंदाजानं साचा केलाय. माझं पहिलं पेंडंट असंच होतं. फोनवरचा फोटो दाखवून करायला दिलं, सहा ग्रॅम चांदी, घडणावळ पण ठीक लावली, आणि घरी येऊन टाचणी फिरवली तर डाव्या खालच्या कोपऱ्यात पट्टी दोनदा वरून. ज्याला माहीत नाही त्याला दिसणारही नाही, पण मला तेच दिसायचं, आरशात बघितलं की नजर तिकडेच. कारागिराचीही चूक म्हणता येत नाही, फोटोत तो कोपरा चकाकीत गेला होता आणि मी चित्र काढून दिलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी ठिपक्यांची वही घेतली. ज्यांना रांगोळी येते त्यांना हे जमतंच, ठिपके काढायचे, ठिपक्यांच्या मधून तिरप्या रेषा, कडेला वळवून परत आत. आमच्या मागच्या गल्लीतल्या तमिळ काकू दारात ठिपक्याभोवती फिरणारा कोलम काढतात, बोट न उचलता एकच रेष, तो बघितलेला असेल तर तुम्हाला केल्टिक गाठ अर्धी कळली समजा. चित्र पेंडंटच्या निदान तिप्पट मोठं काढा, प्रत्येक क्रॉसिंगला खालची रेष खोडून वरची अखंड ठेवा, आणि पट्टी तयार मालात एक मिलिमीटरपेक्षा बारीक येईल असं काही काढू नका, नाहीतर पॉलिशमध्ये वर-खालचा फरक घासून जातो आणि सगळं सपाट जाळीसारखं दिसतं. मेणाचा नमुना तयार झाला की कास्टिंगच्या आधी बघायला मागा आणि तिथेच टाचणी फिरवा. मेणात चूक पाच मिनिटांत सुधारते.

तीन टोकांची गाठ, ट्रिकेत्रा, सगळ्यात जास्त विकली जाते. ख्रिस्ती लोक ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीसाठी वापरतात. कन्या, माता, वृद्धा असा देवीच्या तीन रूपांचा जो अर्थ कार्डांवर असतो तो विसाव्या शतकात पसरला. आणि ही खूण फक्त केल्टिक पण नाही, स्वीडनमधल्या अकराव्या शतकातल्या कोरीव दगडांवर, नॉर्वेच्या त्याच काळातल्या नाण्यांवर ती आहे. तीन मुलांच्या आईला, तीन मैत्रिणींना, आई-बाबा-बाळ म्हणून द्यायला छानच आहे, तेवढा साधा अर्थ तुम्ही तुमचा म्हणून सांगा.

तीन वेटोळ्यांची ट्रिस्केल ही वेगळी, दुकानात दोन्ही नावं अदलाबदल करून टाकतात. तिचं सगळ्यात प्रसिद्ध कोरीवकाम आयर्लंडच्या मीथ परगण्यात न्यूग्रेंजला आहे, इसवी सन पूर्व 3200 च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं. मातीचा मोठा ढिगारा, आत दगडी बोळ, आणि डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास सकाळी सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या खोलीत जातो आणि साधारण 17 मिनिटं राहतो. मायकल ओ'केली या पुरातत्त्वज्ञानं 1967 च्या 21 डिसेंबरला तो आत बसून पाहिला. त्या आतल्या खोलीत दगडावर तीन वेटोळी आहेत. पण ज्यांनी ती कोरली ते केल्ट नव्हते, केल्टिक भाषा तिथे त्यानंतर खूप शतकांनी पोचली, पुढे केल्टिक कारागिरांनी तीनच्या वेटोळ्यांना आपलंसं केलं. म्हणून "जन्म, जीवन, मृत्यू" किंवा "जमीन, समुद्र, आकाश" हे जे अर्थ सांगतात ते कोरणाऱ्यांचे आहेत असं धरू नका.

इथे एक मोह होतो आणि तो मलाही झालाय, की अरे हे तर बेलाचं पान, हे तर त्रिशूळ, म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं. काटोल रोडवर जुनापाणीला जे दगडांचे गोल आहेत ना, सुमारे तीनशे, तिथे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं खोदकाम केलं. तिथल्या काही दगडांवर ओळीनं कोरलेले छोटे वाटीसारखे खळगे आहेत, आणि त्यालाही वाटलं होतं की स्कॉटलंड-इंग्लंडच्या दगडांवर अगदी असेच खळगे दिसतात. दिसतात सारखे, खरंच. पण दगडात गोल खळगा करायचं, तीन पानं एकत्र मांडायचं, हे माणसाला कुठेही सुचू शकतं. एकदा हिवाळ्यात सकाळी जुनापाणीला जाऊन ते खळगे बोटानं चाचपून बघा, नागपुरात राहून कितीतरी जण गेलेले नसतात.

गोल कडं असलेला क्रॉस घेताना मात्र थोडी काळजी. आयर्लंडमध्ये आठव्या ते बाराव्या शतकातले उंच दगडी क्रॉस आहेत, मोनॅस्टरबॉइस या जुन्या मठाच्या जागेवरचा मुइरेडाखचा क्रॉस तर पाच मीटरहून उंच आणि पूर्ण बायबलच्या प्रसंगांनी भरलेला. लांब दांडा, कडं, आत गुंफण, असा क्रॉस म्हणजे आयरिश ख्रिस्ती वारसा, निःशंक घाला. पण चारी हात सारखे, साधं जाड कडं, कसलीही नक्षी नाही असं जे आहे ते युरोप-अमेरिकेत काही गोरे वंशवादी गट वापरतात. मुलगा शिकायला बाहेर चालला म्हणून कोणी तशी रिंग किंवा टीशर्ट देऊ नका. आपल्या स्वस्तिकाचं तिथे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे, समोरच्याला आपला हेतू दिसत नाही, खूण दिसते.

ब्रिजिटचा क्रॉस वेगळा, तो लव्हाळ्याच्या काड्यांनी विणतात, मधे चौकोन आणि चार हात चक्रासारखे. 1 फेब्रुवारीला सेंट ब्रिजिटचा दिवस असतो, तेव्हा घरोघरी विणून दारावर लावतात, घराला आग लागू नये म्हणून, आपल्या तोरणासारखं. 2023 पासून तिच्या नावानं आयर्लंडमध्ये सुट्टीही असते. नव्या घराच्या वास्तुशांतीला चांदीत करून द्यायला यापेक्षा चांगली केल्टिक खूण मला तरी सुचत नाही, अर्थ खरा, लोकांच्या वापरातला, आणि घरासाठीच असलेला.

डारा नॉट आणि ट्री ऑफ लाइफ या दोन्हीचं डिझाइन नवं आहे, पण मागची गोष्ट जुनी. आयरिशमध्ये ओक झाडाला दार म्हणतात, किल्डेअर गावाचं नाव म्हणजे ओकचं चर्च, डेरी म्हणजे ओकची राई. टोळ्यांची पवित्र झाडं असायची, त्यांच्याखाली राजाला गादीवर बसवायचे. आपल्या पारावरच्या वडा-पिंपळाचा मान आठवा. बळकटपणा, मुळं धरून राहणं, हा अर्थ म्हणून पटतो.

टारा ब्रोचच्या नकला कोणी विकत असेल तर माहीत असू द्या, मूळ वस्तू 700 च्या आसपासची, 1850 मध्ये बेटीस्टाउनच्या किनाऱ्यावर सापडली, आयर्लंडच्या जुन्या राजांच्या टारा टेकडीशी तिचा काही संबंध नाही, विकणाऱ्या जवाहिऱ्यानं भाव यावा म्हणून ते नाव दिलं. आणि टॉर्क म्हणजे गळ्यातलं कडक कडं, आपली सरीच, तारा पिळून केलेली.

विकायला "केल्टिक" म्हणून ठेवलेल्या पण केल्टिक नसलेल्या गोष्टी: थॉरचा हातोडा, तीन त्रिकोणांचा वाल्कनट, रून अक्षरं, हे सगळं उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचं. होकायंत्रासारखा वेगविसिर आइसलँडचा, तोही 1860 च्या एका हस्तलिखितातून आलेला.

नाव कोरून घ्यायचं असेल तर ओघम ही जुनी आयरिश लिपी. दगडाच्या कडेला मधली रेष धरून तिच्यावर खाचा, चौथ्या ते सातव्या शतकातले असे सुमारे चारशे दगड उरलेत, बहुतेकांवर अमक्याचा मुलगा तमका एवढंच. मूळ अक्षरं 20. च, श, ठ, भ यांना थेट अक्षर नाही, म्हणून प्रत्येक मराठी नाव बसत नाही, पण माझ्या भाचीचं मीरा छान बसलं. उभी रेष काढायची आणि खालून वर जायचं: म ला रेषेला आरपार एक तिरपी खाच, ई ला रेषेवर पाच छोट्या, र ला आरपार पाच तिरप्या, शेवटी आ ला एक छोटी. विकणाऱ्यानं पाठवलेलं डिझाइन घेण्याआधी असं मोजून बघा, वरून खाली काढलेलं असेल तर नाव उलटं वाचलं जातं.

चांदी घेताना 925 चा शिक्का बघा, म्हणजे 92.5 टक्के चांदी, सोन्यात बीआयएसची खूण आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक. आयर्लंडमधून आलेल्या नगावर डब्लिनची मुकुट असलेली वीणा असू शकते, तिथल्या सोनारांच्या संघाला 1637 पासून शिक्क्याचा अधिकार आहे. गुंफणीचं काम असेल तर कारागिराला सांगून खाचांत काळं करून घ्या, ऑक्सिडाइज, त्याशिवाय वरची आणि खालची पट्टी वेगळी दिसत नाही. आणि घरी ते टूथपेस्टनं किंवा चांदी उजळायच्या पाण्यात बुडवून घासू नका, माझ्या वहिनीनं दिवाळीच्या साफसफाईत सगळी चांदी उजळली तेव्हा माझी दुसरी, बरोबर विणलेली गाठ पण उजळली, आणि खाचांतलं काळं निघून जाऊन ती एकदम सपाट झाली, परत इतवारीत नेऊन काळं भरून आणावं लागलं. नुसत्या मऊ कोरड्या फडक्यानं वरचा भाग पुसायचा, खाचा तशाच ठेवायच्या.